घरची उपासना: रोज ठरल्या वेळी, की जगता जगता?

मोहरीचा दाणा (धागाकर्ता):

आधी मत सांगतो, मग भांडू. ख्रिस्ती घरात मुलांना घेऊन रोज ठरल्या वेळी उपासना व्हायलाच हवी. "आमच्या वागण्यातून मुलं आपोआप शिकतील" ही बहुतेक घरांत पळवाट असते. वागणं मुलांना दिसतं, त्यामागचं कारण दिसत नाही. चुकून जास्त आलेले पैसे आईनं परत केले तर आई प्रामाणिक आहे एवढंच मुलाला कळतं. त्यात देवाचा काय संबंध, हे कोणीतरी कधीतरी बोलावं लागतं, आणि "कधीतरी"ला वेळ नेमली नाही तर ते राहूनच जातं.

बेत साधा ठेवा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाच मिनिटं, सात ते अकरासाठी दहा-बारा, त्यापुढे पंधरा. पण त्यातली निम्मी मुलांच्या प्रश्नांसाठी. गीताचं एक कडवं, आठ-दहा वचनांचं वाचन, एकच प्रश्न, प्रत्येकाची एक-दोन वाक्यांची प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना (येशूनं शिकवलेली, "आमचे अपराध क्षमा कर" ही ओळ असलेली). सुरुवात मार्कपासून करा. चारही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, ते सर्वांत लहान, १६ अध्यायांचं, आणि त्यात सतत काहीतरी घडत असतं. रोज दहा वचनं घेतली तर साधारण सव्वादोन महिन्यांत पूर्ण होतं. उत्साहानं बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरू करणारे दुसऱ्या पुस्तकात, निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायापाशी अडकतात. तिथून निवासमंडपाची (इस्राएल लोकांच्या उपासनेच्या तंबूची) मापं सुरू होतात आणि सात वर्षांचं पोर जांभया देऊ लागतं.

बिघडतं कुठे? वेळ झोपेच्या तोंडावर ठेवली की धाकटं पेंगतं आणि थोरल्यावर चिडचिड होते. जेवायला सगळे बसलेलेच असतात, त्याला लागून ठेवा. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका. आणि सर्वांत वाईट खोड म्हणजे प्रार्थनेतून रागावणं: "प्रभू, हिला खोटं न बोलण्याची बुद्धी दे." मुलगी डोळे मिटून बसलेली, तिला उत्तरही देता येत नाही. असं चार वेळा झालं की तिच्यासाठी प्रार्थना म्हणजे बोलणी खाण्याची जागा.

सांजदिवा:

शेवटच्या मुद्द्याला शंभर टक्के सहमत, बाकीच्याला नाही.

बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवण्याच्या वेळा दिल्यात: घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजता, उठता. म्हणजे दिवसभर. तुमच्या बेतात देव पंधरा मिनिटांच्या तासिकेत बसतो आणि "आमेन" झालं की घंटा वाजते. मुलं हे भेद फार पटकन ओळखतात. उपासनेत एक आवाज आणि नंतर फोनवर "सांग, बाबा घरी नाहीत" असं मुलालाच सांगणारा दुसरा आवाज. खोट्या साक्षीबद्दलची आज्ञा त्या एका वाक्यात पुसली जाते, मग तुम्ही मार्क वाचा नाहीतर लूक.

खरा धडा संध्याकाळच्या भांडणात, शेजाऱ्यांबद्दल घरात काय बोललं जातं त्यात, पाहुणे गेल्यावर दार लावताना निघणाऱ्या पहिल्या वाक्यात असतो.

मोहरीचा दाणा:

त्याच अध्यायातली पुढची दोन वचनंही वाचा ना. ती वचनं हाताला बांध, दाराच्या चौकटीवर लिही. म्हणजे ठरलेली, डोळ्यांना दिसणारी खूण. निर्गमच्या बाराव्या अध्यायात मुलं विचारतात, "या सेवेचा अर्थ काय?" हा प्रश्न पडतो कारण वल्हांडण, म्हणजे मिसरातल्या सुटकेचा सण, ठरल्या दिवशी, ठरल्या रीतीनं होत असतं. रीतच नसेल तर मूल विचारणार कशाबद्दल?

आणि ही काही आजची टूम नाही. चौथ्या शतकात योहान क्रिसोस्तोम या ख्रिस्ती धर्मोपदेशकानं बापांना सांगितलं होतं की संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी मुलाला काइन आणि हाबेलची गोष्ट सांगा. पुन्हा दुसऱ्या संध्याकाळी सांगा. मग त्यालाच सांगायला लावा. ती नीट बसली की मगच तात्पर्य. पुढे मंडळीत (चर्चमध्ये) तोच भाग वाचला जाईल तेव्हा मुलाला मुद्दाम घेऊन जा. आपल्याला आधीच माहीत असलेलं ऐकून ते हरखेल. याहून व्यवहारी सल्ला आजच्या पालकांसाठी काढलेल्या पुस्तिकांतही क्वचित सापडेल.

खडूफळा:

धागाकर्त्यांना जोड देतो. नुसतं वाचन पुरत नाही, प्रश्नोत्तरी हवी, म्हणजे विश्वासाची शिकवण प्रश्न-उत्तरांत मांडलेली पुस्तिका. ल्यूथरची लहान प्रश्नोत्तरी १५२९ ची, आणि तिच्यातले भाग कुटुंबप्रमुखानं घरच्यांना कसे शिकवावेत हे तिच्या मथळ्यांतच लिहिलंय. हायडेलबर्गची १५६३ ची, १२९ प्रश्न वर्षाच्या ५२ रविवारांत वाटून दिलेले. वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरीत १०७. आठवड्याला एक धरला तरी दोन वर्षांत संपते.

पद्धत अशी. पहिल्या दिवशी मोठ्यानं वाचून दाखवा, तीनदा. पुढचे दोन दिवस मधला एखादा शब्द गाळून तो मुलाला भरू द्या. चौथ्या दिवशी त्यानं अख्खं म्हणावं. पाचव्या दिवशी ते आईबापांना विचारावं, आणि आईबापांनी पुस्तक न बघता उत्तर द्यावं. हा पाचवा दिवस गाळू नका, पोरांना सगळ्यांत जास्त मजा त्यातच येते.

बक्षीस लावू नका. गोळीसाठी पाठ केलेलं वचन गोळी संपली की जातं. आणि पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला मुळीच लावू नका.

चौकस:

प्रश्न पडायच्या आधी उत्तर पाठ. मग बाराव्या-तेराव्या वर्षी खरे प्रश्न येतात तेव्हा त्या १०७ मध्ये ते नसतात, आणि मुलाला वाटतं की जे यादीत नाही ते विचारायचंच नाही.

मुलाचा प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखायला शिका. "तारवात इतके प्राणी मावले कसे?" हा माहितीचा. "आजीसाठी एवढी प्रार्थना केली, तरी ती का गेली?" हा दुःखाचा. "तुम्ही म्हणता म्हणून मी का मानू?" हा तुमच्याशी असलेल्या नात्याचा. दुःखाच्या प्रश्नाला माहितीचं उत्तर दिलं की मूल गप्प होतं, आणि आईबापांना वाटतं समजूत पटली. अशा वेळी स्तोत्र १३ काढा: "हे परमेश्वरा, कोठवर?" किंवा ८८, जे शेवटपर्यंत अंधारातच राहतं. पवित्र शास्त्रातच असं रडगाणं आहे हे कळलं की मुलाला आपला प्रश्न पाप वाटत नाही. आपल्याला उत्तर येत नसेल तर "मलाही ठाऊक नाही, आपण रविवारपर्यंत शोधू" म्हणा आणि रविवारी स्वतःहून विषय काढा. स्वतःहून. तिथेच बहुतेक जण घसरतात.

अजून एक. "मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे" हे बायबलच्या नीतिसूत्रांतलं वचन (२२:६) हमीपत्रासारखं वापरू नका. ते शहाणपणाचं वचन आहे. एली याजकाची पोरं बिघडली तेव्हा दोष एलीला मिळाला, त्यानं त्यांना आवरलं नाही म्हणून. पण शमुवेल संदेष्ट्याचे मुलगेही लाच खाऊ लागले (१ शमुवेल ८), आणि तिथे बापाला बोल लावलेला नाही. ज्यांची मुलं मंडळीपासून दूर गेलीत त्यांच्या तोंडावर बावीस-सहा फेकणं थांबवा.

खडूफळा:

पाठांतरानं प्रश्न मरतात हे पटत नाही. स्तोत्र ८८ तेराव्या वर्षी आठवायला ते आधी कानावरून गेलेलं असावं लागतं ना? बाकी हमीपत्राबद्दल बरोबर बोललात.

निवडुंग:

सगळे गोड गोड बोलतायत. शिस्तीचं काय? "जो आपली छडी आवरतो तो आपल्या मुलाचा वैरी," हे शास्त्रात आहे की नाही? आजकालची ख्रिस्ती घरं मुलांना घाबरून असतात. सुझॅना वेस्लीनं जॉनला १७३२ मध्ये लिहिलेल्या पत्रात मुलाची इच्छा लवकर ताब्यात घ्या असं सरळ म्हटलंय. तिची दोन मुलं, जॉन आणि चार्ल्स, मेथडिस्ट चळवळीचे पुढारी झाले हे जगाला माहीत आहे.

सांजदिवा:

शास्त्रात आहे, नाकारत नाही. नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायात तर मारण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, उगाच मेंढपाळाची काठी दाखवून तो मऊ करायला नको. पण हट्टी मुलाला नगराच्या वेशीपाशी नेऊन धोंडमार करण्याचा नियमही अनुवादाच्या एकविसाव्यात आहे, आणि तो कोणी पाळत नाही. आपण ख्रिस्ताच्या आधारे वाचतो. त्यानं मूल मध्ये उभं केलं आणि मोठ्यांना म्हणाला, असे व्हा. प्रेषित पौलानं बापांना बजावलं, मुलांना चिरडीस आणू नका. कलस्सैकरांना लिहिताना कारणही दिलं, की ती खिन्न होतात.

तुमच्या त्याच पत्रात पुढे काय आहे तेही सांगा. शिक्षेच्या भीतीनं मुलं खोटं बोलायला लागतात हे ओळखून त्या घरात नियम होता की जो चूक सरळ कबूल करील आणि सुधारायचं वचन देईल त्याला मार नाही. एकाच चुकीसाठी दोनदा शिक्षा नाही, आणि नंतर ती उकरून काढायची नाही. छडीवाल्यांना हे अर्धं पत्र कधी आठवत नाही. शिवाय प्राचीन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिननं लिहून ठेवलंय की शाळेत मार बसू नये म्हणून तो लहानपणी देवाला विनवायचा आणि घरची मोठी माणसं त्या माराला हसायची. त्याची पहिली प्रार्थना भीतीची होती, आणि तिची चेष्टा झाली हे तो मोठेपणीही विसरला नाही.

शिस्त हवीच. परिणाम आधी सांगितलेला हवा, चुकीशी त्याचा संबंध हवा (तोडलं तर जोडायला मदत, खोटं बोललं तर ज्याच्याशी बोललं त्याला जाऊन खरं सांगणं), आणि तो त्याच दिवशी संपायला हवा. रागावर सूर्य मावळू देऊ नका, हे आईबापांनाही लागू आहे. आणि "देव बघतोय हं" हे वाक्य कायमचं बंद. ते मुलाला देवाला टाळायला शिकवतं.

निवडुंग:

कबुलीच्या नियमाबद्दल मान्य. बाकी मत बदललेलं नाही.

तिसरा प्रहर:

इतकी चर्चा झाली पण माफीवर कोणी बोललं नाही, आणि घरात दिवसातून पाच वेळा लागते ती हीच. "सॉरी म्हण. तू माफ केलं म्हण. आता खेळा." हे नाटक आहे. मारणाऱ्याला कळतं की दोन अक्षरांत सुटका होते, मार खाणाऱ्याला कळतं की ख्रिस्ती असणं म्हणजे आपलं दुखणं गिळणं.

असं करून बघा. दोघांना दहा मिनिटं वेगळं बसवा, रडणं थांबेपर्यंत काहीच विचारू नका. मग ज्यानं केलं त्यानं एका वाक्यात सांगायचं, काय केलं. वाक्यात "पण" आला की पुन्हा पहिल्यापासून. पुढे भरपाई काय ते त्यानंच सुचवायचं. येशू भेटल्यावर जक्कय या जकातदारानं, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत देईन म्हटलं, ते कोणी सांगितलं म्हणून नाही. ज्याला लागलंय त्याला "अजून नाही" म्हणायची मुभा. मात्र निजायच्या आधी मोठ्यांनी एकदा जवळ जाऊन विचारायचं. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगणारं मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वचन अशा संध्याकाळी वाचलं तर ते समजावून सांगावं लागत नाही.

आणि आईबापांची माफी. "मी ओरडले, पण तूही ऐकत नव्हतास" ही माफी नव्हे, आरोप आहे. "मी ओरडले. ते चुकलं. मला क्षमा कर." एवढंच, आणि त्यावर मूल काही बोललं नाही तरी गप्प राहायचं. माझ्या मते इथे धागाकर्ते आणि सांजदिवा दोघांचंही अर्धं-अर्धं बरोबर आहे. ज्या घरात आईबाप मुलाची माफी मागत नाहीत तिथे रोजच्या उपासनेत "आमचे अपराध क्षमा कर" हे शब्द रिकामे पडतात. आणि ज्या घरात ते शब्द रोज म्हटलेच जात नाहीत तिथे माफी मागण्यामागचं कारण मुलाला कुठून कळणार?

मोहरीचा दाणा:

माझ्या बेतात भर: ज्या दिवशी घरात मोठं भांडण झालं असेल त्या दिवशी वाचन नाही. फक्त प्रभूची प्रार्थना, आणि क्षमेच्या ओळीपाशी थांबायचं. सांजदिवांना एवढं देऊन टाकतो.

जैतून:

पैशाचा विषय राहिला. हातखर्चाच्या पैशाचे तीन डबे: देण्याचा, साठवण्याचा, खर्चाचा. दहा नाणी असतील तर पहिलं देण्याच्या डब्यात, उरलेल्यांची वाटणी मुलानं ठरवायची. सगळं खर्चून झाल्यावर उरलेलं देऊ नये.

चौकस:

पण तो पैसा मुळात आईबापांचा. बापाच्या खिशातून निघून मुलाच्या हातून दानपेटीत गेलं तर मुलानं काय दिलं? निदान कुणाला द्यायचं हे तरी त्याला निवडू द्या. आणि विधवेच्या दोन टोल्यांची (गरीब विधवेनं दानात टाकलेल्या दोन क्षुल्लक नाण्यांची) गोष्ट सांगून कमी देणाऱ्याला लाजवू नका, ती त्यासाठी नाही.

आडवाटे:

वाचनमात्र होतो, एक अडचण विचारतो. पंधरा वर्षांचा मुलगा म्हणतो, मी बसणार नाही, मी मानत नाही. काय करायचं?

खडूफळा:

घरात राहतो तोवर बसायचं. आज सूट दिली की उद्या धाकटे उठतील.

सांजदिवा:

उठू देत. बळजबरीनं बसवलेला मुलगा अठराव्या वर्षी घर सोडताना हेही सोडून जाईल. त्यापेक्षा त्याच्याबरोबर आठवड्यातून एकदा बाहेर चालायला जा आणि ऐका. सुझॅना वेस्लीही प्रत्येक मुलासाठी वेगळी संध्याकाळ राखून ठेवायची, जॉनचा गुरुवार. हा भाग निवडुंगांनाही चालेल.

तिसरा प्रहर:

दोन्ही करता येतं. दहा मिनिटं सगळ्यांबरोबर बसणं हा घराचा नियम, जसा जेवायला एकत्र बसण्याचा. डोळे मिटणं, गाणं, आमेन म्हणणं हे त्याचं त्याच्याकडे. त्याच्या वतीनं कुणी मोठ्यानं प्रार्थना करायची नाही, "आमच्या भरकटलेल्या लेकरासाठी" वगैरे तर अजिबात नाही. तो मानत नाही हे धाकट्यांसमोर बोलला तर बोलू द्या. का मानत नाही हे एकदा शांतपणे विचारा आणि तिथल्या तिथे खोडून काढू नका.

आडवाटे:

आणि वाचायची पाळी त्याच्यावर आली तर?

तिसरा प्रहर:

वगळू नका. विचारा. नाही म्हणाला तर पुस्तक पुढच्याकडे द्या, कुणाकडेही न बघता.