मदत हवी आहे : ऑफिसातला मेल सर्व्हर बाहेरून कसा वापरावा?

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, मेलची खाती चौदा. ऑफिसातच उबुंटू लिनक्सवर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारं) आणि डव्हकॉट (मेल वाचायला देणारं) चालतं. होस्टिंगवरची मेल फेचमेल नावाचं सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी ओढून आणतं आणि तिथून पुसतं, त्यामुळे सगळी टपाल आमच्याच मशीनवर. सेल्सची दोघं मुलं मात्र आठवड्याचे चार दिवस चाकण नाहीतर नाशिकला, आणि तिथून त्यांना मेल दिसत नाही. परवा एका गिऱ्हाईकाची चौकशी दीड दिवस तशीच पडून राहिली, तेव्हापासून मला चैन नाही.

राउटरवर मेल वाचण्या-पाठवण्याचे ९९३ आणि ५८७ पोर्ट ऑफिसच्या सर्व्हरकडे वळवून (फॉरवर्ड करून) पाहिले, बाहेरून काहीच लागेना. मग लक्षात आलं, राउटरचा आयपी १००.७२ ने सुरू होतो. म्हणजे आम्ही सीजीनॅटच्या मागे (इंटरनेट कंपनी एकच बाहेरचा आयपी अनेक ग्राहकांत वाटते), फॉरवर्डिंगचा उपयोगच नाही.

स्टॅटिक (न बदलणारा, स्वतःचा) आयपी घेऊन पोर्ट उघडायला मन धजत नाही; पासवर्डवर रात्रंदिवस हल्ले होतात, फेलटूबॅन (वारंवार चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्यांना अडवणारं सॉफ्टवेअर) लावलं तरी. त्यापेक्षा एक छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) घेऊन ऑफिस आणि मोबाइल दोन्ही वायरगार्डने (व्हीपीएन, म्हणजे सुरक्षित बोगदा) त्याला जोडावेत, असं वाटतं.

हे कुणी केलंय का? ऑफिसच्या बाजूला कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा ठरावीक वेळाने जाणारा संदेश) २५ सेकंद पुरतं का? मोबाइलवर फक्त मेलपुरताच बोगदा ठेवला तर बॅटरी कितपत खाते? आणि लेट्स एन्क्रिप्टचं (मोफत मिळणारं) सुरक्षा सर्टिफिकेट डीएनएस पद्धतीने (डोमेनच्या नोंदीतून मालकी सिद्ध करून) आपोआप नवं होतं का? नेहमीच्या पद्धतीला लागणारा वेबचा पोर्ट ८० आमच्याकडे बाहेरून पोचतच नाही. सोमवारच्या आत काहीतरी उभं करायचंय.