मदत हवी आहे: डिझाईन कोर्सचं काम मुलाखतीत कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. पुण्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा डिझाईनचा कोर्स वर्षभर चालला. चौघांनी मिळून दोन टप्प्यांचा गिअरबॉक्स आकडेमोडीपासून चाचणीपर्यंत नेला. कोर्सनं जीव काढला, पण शिकवलंही तितकंच. शाफ्ट आणि बेअरिंग माझ्याकडे होतं. पहिल्या ड्रॉइंगवर मी नुसतं '२५' लिहिलं. शाफ्ट २४.९७ मिमीचा आला आणि ६२०५ बेअरिंग (आतलं भोक २५ मिमी) घट्ट न बसता त्यावर हातानं सरकायला लागलं. मग के६ फिट देऊन, म्हणजे २५.००२ ते २५.०१५ मिमी, नवा शाफ्ट करून घेतला. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा कमी-जास्त फरक, कशासाठी असतो ते मला त्या दिवशी कळलं.

आतापर्यंत दोन मुलाखती झाल्या. दोन्हीकडे गाडी 'कॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) कुठलं येतं' यावरच अडली. थ्रीडी मॉडेलची चित्रं नेली होती, ती नुसती चाळली गेली. रेझ्युमे सीनिअर्सकडून तपासून घेतलाय.

इंटर्नशिप झालेली नाही. आयटीत जायचं नाही. चाकण, नाशिक, संभाजीनगर कुठेही चालेल. गिअरबॉक्स कॉलेजात जमा असल्यानं सोबत नेता येत नाही. दोन्ही ड्रॉइंग्ज, आकडेमोडीची वही आणि मायक्रोमीटरच्या नोंदी मात्र आहेत.

डिझाईन विभागासाठी मुलाखती घेणाऱ्यांनी कृपया सांगावं: फसलेल्या शाफ्टचा विषय मी स्वतःहून काढावा का? आणि पंधरा मिनिटांत तुम्ही आधी काय बघाल, जुनं-नवं ड्रॉइंग शेजारी शेजारी की आकडेमोडीची वही?