अनुभव धागा: पुरवठादाराचं बिल आणि भिंतीवरची मूल्यं

जमाखर्च
एका कंपनीच्या रिसेप्शनला 'सचोटी, आदर, विश्वास' अशी चकचकीत फ्रेम आज दिसली आणि भोसरीतल्या शेडमधली 'येणे बाकी' लिहिलेली जाडजूड फाइल आठवली. कंपनी किती सरळ आहे ते सीएसआरच्या (कंपनीच्या समाजकार्याच्या) फोटोंवरून कळत नाही, लहान पुरवठादाराचं बिल कितव्या दिवशी सुटतं त्यावरून कळतं, असं माझं ठाम मत. एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायदा २००६ चा आहे. पैसे द्यायची मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. तरी पीओवर (खरेदी ऑर्डरवर) बिनदिक्कत '९० दिवस' छापतात. तुमच्या बघण्यातल्या युक्त्या आणि त्यावरचे तोडगे लिहा. कंपन्यांची नावं नकोत.

भोसरीकर
९० पण जीआरएनपासून (माल तपासून घेतल्याची त्यांची पावती)!! माल १० तारखेला आत, इन्स्पेक्शन २८ ला, जीआरएन साहेब सुट्टीवरून आले की.

जमाखर्च
गोम तिथेच आहे दादा. कायद्यात जीआरएनला काही किंमत नाही. माल प्रत्यक्ष पोचला तो दिवस धरायचा. खरेदीदाराने १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली तरच तारीख सरकते, ती हरकत दूर होईल त्या दिवसापर्यंत. 'जरा बघावं लागेल' हे फोनवर बोलणं म्हणजे हरकत नाही. म्हणून चलनाच्या आपल्या प्रतीवर गेटचा इनवर्ड (माल आत आल्याचा) शिक्का, नंबर, तारीख, सही. शिक्का पुसट उठला तर ड्रायव्हरने तिथल्या तिथे दुसरा मारून घ्यायचा आणि फोटो पाठवायचा. पुढच्या सगळ्या भांडणात तोच कागद कामाला येतो.

शॉपफ्लोअर
ड्रायव्हरला गेटबाहेर चार-चार तास उभं करतात, संडास वापरू देत नाहीत, त्यावर पण धागा काढा कोणीतरी. 'आदर' म्हणे

आकडेमोड
घाईत लिहितोय, टायपो माफ. आयकराच्या १९६१ च्या कायद्यात ४३बी(एच) कलम आलं तेव्हापासून (आर्थिक वर्ष २०२३-२४) मोठ्यांना खरा चटका बसला. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च ज्या वर्षी पैसे देतील त्याच वर्षी उत्पन्नातून वजा मिळतो. उदा. करार ४५ दिवसांचा, माल पोचला २० मार्च २०२५ ला. मुदत ४ मे. २ मे ला दिले तर खर्च २०२४-२५ मध्येच. १० मे ला दिले तर २०२५-२६ मध्ये, म्हणजे त्या रकमेवर आधी टॅक्स भरा. ४३बी मधल्या बाकीच्या देण्यांसारखं 'रिटर्न भरायच्या आत दिले, झालं' ही पळवाट इथे नाही. पण फेब्रुवारीचं बिल उशिरा का होईना ३१ मार्चच्या आत दिलं तर या कलमाने काही बिघडत नाही. म्हणून मार्चअखेर पैशांचा पाऊस आणि एप्रिलपासून परत ठणठणाट.

नाशिकची_मी
मग व्याज?

आकडेमोड
ताई, ते एमएसएमई कायद्यात, उशिराच्या रकमेवर आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. फेब्रु २०२३ ते फेब्रु २०२५ बँक रेट ६.७५ होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. १ लाखावर ३ महिन्यांचे ५,१५० च्या आसपास. वर ते व्याज कंपनीला खर्च म्हणून दाखवताही येत नाही.

भोसरीकर
मागितलं की पुढची ऑर्डर बंद. कागदावर सगळं छान आहे.

खरेदीखातं
मी पलीकडच्या टेबलावरचा, शिव्या मोजून घाला. सगळंच मुद्दाम होत नाही. पीओ, जीआरएन आणि बिल या तिन्हींचा मेळ बसला नाही की सिस्टिम बिल पुढे ढकलतच नाही. नेहमीचे घोळ: दर वाढला पण पीओची अमेंडमेंट (दुरुस्ती) काढली नाही. दोन पीओंचा माल एका बिलात. लाइन नंबर चुकला. पीओ ५०० नगांचा, माल ५१२. आणि सर्वात जास्त, तुमचं जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) ११ तारखेच्या आत गेलं नाही की बिल आमच्या २बी मध्ये (पोर्टलवरच्या आमच्या खरेदीच्या यादीत) दिसत नाही, अकाउंट्सवाले होल्ड टाकतात. एक पीओ एक बिल, वाढीव नग पाठवूच नका, नवा दर सिस्टिममध्ये दिसल्याशिवाय गाडी भरू नका.

बाकी बिल मुद्दाम दाबून ठेवतात हेही खरं आहे, नाकारत नाही.

शॉपफ्लोअर
आणि लाइन रिजेक्शनची (त्यांच्या असेंब्लीत नापास ठरलेल्या नगांची) डेबिट नोट, म्हणजे बिलातून कपात? महिनाअखेर मेल येतो, '३७ नग रिजेक्ट'. नग कुठायत विचारलं तर स्क्रॅपला गेले.

खरेदीखातं
ते चूकच. रिजेक्ट नगावर लाल टॅग, लॉट नंबर, कुठलं माप किती बाहेर गेलं ते, आणि माल परतीच्या चलनावर. हे नसेल तर डेबिट नोट मान्य नाही असं त्याच दिवशी मेलवर कळवा. गप्प बसलात की ती मान्य केली असंच धरतात. अजून एक, तुमचं गेज (मापायचं साधन) आणि त्यांचं गेज एकाच मास्टरशी (प्रमाण मापाशी) जुळवलंय का ते आधी बघा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

कोथरूडचा_काका
सीएसआरचा विषय निघालाय म्हणून, कंपनीच्याच कामगारांच्या मुलांना वह्या वाटून सीएसआर दाखवतात ते चालत नाही बरं का. फक्त स्वतःच्या कामगारांच्या फायद्याचा खर्च नियमाने धरता येत नाही. ऑफिस खर्चही एकूण सीएसआरच्या ५ टक्क्यांपर्यंतच.

नाशिकची_मी
काका, वह्यांवर लोगो केवढा मोठा असतो ते पण सांगा

भोसरीकर
हल्ली नवीन. 'उद्यम रजिस्ट्रेशन (एमएसएमई म्हणून सरकारी नोंदणी) रद्द करा, मग ऑर्डर देतो.'

आकडेमोड
हो, ४३बी(एच) नंतर हे फार वाढलंय. रद्द करू नका, तोंडी सांगितलं असेल तर मेलवर मागा, बहुतेक जण मेल करत नाहीत. उद्यम नंबर प्रत्येक बिलावर छापा. नोंदणी ऑर्डरच्या आधीची असू द्या, नंतरच्या नोंदणीवरून कोर्टात वाद झालेत. आणि संरक्षण फक्त सूक्ष्म व लघुला आहे. १ एप्रिल २०२५ पासून लघुची मर्यादा गुंतवणूक २५ कोटी, उलाढाल १०० कोटी. निव्वळ ट्रेडिंगवाल्यांनी उद्यम काढलं तरी उशिराच्या व्याजाचा फायदा नाही.

जमाखर्च
नवीन गिऱ्हाईक घेण्याआधी एक करा. एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर १०० रुपये भरून त्या कंपनीचा ताळेबंद काढा. देण्यांच्या टीपेत एमएसएमईची रक्कम वेगळी दिलेली असते, पुढे पैसे किती काळ थकलेत त्याचा तक्ता: १ वर्षाच्या आत, १ ते २, २ ते ३, ३ च्या वर. तिथे 'वादग्रस्त' रांगेत मोठा आकडा दिसला तर कितीही मोठा ब्रँड असो, ॲडव्हान्स मागा.

नाशिकची_मी
हे माहीतच नव्हतं. बुकमार्क

शॉपफ्लोअर
दिवाळीला पर्चेसच्या माणसाला काय द्यायचं?

कोथरूडचा_काका
बाकरवडी.

खरेदीखातं
हा हा. द्यायचंच तर विभागाच्या नावाने, ऑफिसच्या पत्त्यावर, सोबत चिठ्ठी. घरच्या पत्त्यावर डबा गेला की तो वेगळाच हिशोब होतो. आणि कोणी टक्केवारी मागितली तर व्हिजिल मेकॅनिझमचा (गैरप्रकारांच्या तक्रारीच्या यंत्रणेचा) मेल आयडी वेबसाइटवर असतो, लिस्टेड कंपनीला ती यंत्रणा ठेवावीच लागते. पुरवठादाराला त्यातून तक्रार करता येते का ते पॉलिसीत वाचा, बऱ्याच ठिकाणी येते. पीओ नंबर आणि तारखा लिहा, नुसती मळमळ ओकू नका.

भोसरीकर
समाधान पोर्टलवर (थकलेल्या बिलांच्या सरकारी तक्रारीचं) कोणाचं काम झालंय का? ९० दिवसांत निकाल म्हणतात.

आकडेमोड
९० कायद्यात. प्रत्यक्षात बरेच जास्त. पण निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला कोर्टात जायचं असेल तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. बऱ्याच वेळा नोटीस गेल्यावरच फोन येतो. कागद हेच: पीओ, बिल, शिक्क्याचं चलन, ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा कागद), मेल.

शॉपफ्लोअर
ट्रेड्सवर (बिलावर बँकांकडून आधी पैसे मिळायचं ऑनलाइन व्यासपीठ) बिल टाकलंय, कंपनी ॲक्सेप्टच करत नाही

आकडेमोड
२५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची आहे, बिल ॲक्सेप्ट करणं नाही. फायनान्सच्या माणसाला गाठा, पर्चेसच्या नको.

कोथरूडचा_काका
बाकरवडी घेऊन.