तुमच्या चौकातले पुतळे, शिल्पं आणि तुम्ही लावलेले अर्थ (अनुभव धागा)

नवी मुंबईत हल्ली कुठेही निघा, वाटेत शिल्प लागतंच, फ्लेमिंगो तर इतके झालेत की खाडीतले जास्त की रस्त्यावरचे तेच कळत नाही. वाशीचा शिवाजी चौक, ठाण्याचा कोर्टनाका, इथले पुतळे तर पत्ता सांगायलाच लागतात. येता-जाता बघितलेल्या शिल्पाचा तुम्ही काय अर्थ लावला, त्यावरून घरात-ऑफिसात काय वाद झाले ते लिहा. पक्षांचं राजकारण नको प्लीज.

खाडीकाठचा
पक्षी बघायचा नाद असल्याने त्या फ्लेमिंगोंवर माझा राग आहे. रंग एकदम भडक, खरे बरेचसे पांढुरके-गुलाबी असतात आणि पिल्लं तर चक्क राखाडी. आणि पाय! आपल्याला जो गुडघा वाटतो तो त्याचा घोटा, म्हणून वाकला की कोपरा मागे येतो, आमच्या इथल्या एकाचा पुढे काढलाय, बिचारा कायम खुर्चीत बसायच्या तयारीत. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर दर्जा (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला, निदान तेवढा बोर्ड तरी लावा पायाशी.

नेरूळची सूनबाई
वंडर्स पार्कात सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत ना, तिथे आमच्या आजेसासूबाईंनी चिचेन इत्झाच्या पिरॅमिडला हात जोडले. पोरं हसली. घरी येऊन गूगल केलं तर ते कुकुल्कान नावाच्या नागदेवाचं देऊळच निघालं! ताजमहालपुढे मात्र त्यांनी फक्त फोटो काढून घेतला.

भूमिपुत्र
आमच्या गावच्या कमानीपाशी कोळी-कोळणीची जोडी आहे, नाखव्याच्या खांद्यावर पाग (फेकायचं जाळं), तिच्या डोक्यावर टोपली. काम चांगलंय, पण बाहेरचे लोक सेल्फी काढून 'ट्रॅडिशनल' म्हणतात तेव्हा डोकं फिरतं, कारण नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली आली त्याआधी इथे सगळी भातशेती आणि मिठागरंच होती. १९८४ साली दि. बा. पाटलांच्या आंदोलनात जमिनीच्या मोबदल्यासाठी पाच शेतकरी गोळीबारात गेले, त्यांना मानवंदना द्यायला आम्ही जानेवारीत जासईला जातो. वाशी-बेलापूरच्या किती जणांना माहितीये?

ठाणेकर_०७
भूमिपुत्र, +१. आणि कोर्टनाक्याला १३ एप्रिलच्या रात्री बाराला एकदा या, बाबासाहेबांचा पुतळा म्हणजे काय ते आपोआप कळेल.

ट्रान्सहार्बरवाला
आमच्या ऑफिसातले एक साहेब कायम ऐकवतात, घोड्याचा एक पाय वर म्हणजे स्वार जखमांनी गेला, दोन वर म्हणजे रणात. म्हटलं साहेब, महाराज १६८० साली रायगडावर आजारपणात गेले, मग दोन पाय वर असलेले गावोगावचे पुतळे सगळे चुकीचे का? साहेब चहा प्यायला गेले.

मातीकाम
ट्रान्सहार्बरवाला, हाहा. तो सगळा तोल सांभाळायचा खेळ असतो हो. दोन पाय वर केले की भार मागे येतो, मग शेपूट चौथऱ्याला टेकवायची आणि आत तगडा लोखंडी सांगाडा द्यायचा. गेटवेचा अश्वारूढ पुतळा घडवणारे सदाशिव साठे आपल्या बाजूचेच, कल्याणचे. आणि चौकातला पुतळा ब्राँझचा की फायबरचा ओळखायचं तर टिचकी मारा, ब्राँझ टणटणतं, फायबर नुसतं टकटक करतं.