प्रेअरीवरचा वारा आणि सायकल : तुमचे अनुभव लिहा

येत्या जूनमध्ये आम्ही दोघं कॅनडातल्या प्रेअरीतून, म्हणजे गवताळ सपाट मैदानांतून, कॅलगरी ते विनिपेग सायकलनं निघतोय. हायवे 1 नं साधारण 1,300 किलोमीटर. कॅलगरी 1,045 मीटर उंचीवर आणि विनिपेग 240 च्या आसपास, त्यामुळे चढाची धास्ती नाही. धास्ती आहे ती वाऱ्याची. ज्यांनी हा पल्ला किंवा अमेरिकेतली मैदानं सायकलवर पार केली आहेत, त्यांनी जे घडलं ते जसंच्या तसं लिहा.

रेजायनाहून

दादा, उतारावर विसंबू नका. एवढ्या अंतरात पसरलेला 800 मीटरचा उतार पायाला कळतसुद्धा नाही. सगळे सांगतात, वारा पश्चिमेचा असतो, पूर्वेला निघा, तोच ढकलत नेईल. बरेच दिवस नेतोही. पण पश्चिमेकडून कमी दाबाचा पट्टा सरकत येत असला की त्याच्या पुढचा वारा आग्नेयेचा असतो, म्हणजे तुमच्या थेट तोंडावर.

मला तो वाटेतल्या स्विफ्ट करंट गावाच्या पुढे भेटला. सपाट रस्ता, सगळ्यात हलका गिअर आणि काट्यावर ताशी 8 किलोमीटर. आपण 15 च्या वेगानं जात असताना समोरून 15 चा वारा आला की हवेचा रोध दुप्पट नाही, चौपट होतो. त्या दिवशी वारा 15 च्या कितीतरी वर होता. सकाळी दहाला समोर धान्याचं उंच कोठार दिसलं. म्हटलं, तासाभरात त्याच्या सावलीत बसून खाऊ. पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. इथे डोळ्यांना अंतराचा अंदाजच येत नाही, मध्ये झाड नाही, टेकाड नाही.

सगळ्यात जास्त छळतो तो आवाज. कानात सतत घोंघावतं, बरोबरच्या माणसाशी बोलता येत नाही. दुपारनंतर मला विनाकारण रडू यायला लागलं होतं. त्या दिवसापासून किलोमीटर मोजणं सोडलं. पन्नास मिनिटं पेडल, दहा मिनिटं रस्त्याकडेच्या उतारावर वाऱ्याकडे पाठ करून बसणं. असे आठ तास झाले की दिवस झाला, मग अंतर काहीही होवो.

पुण्याहून, कॅन्ससमध्ये सायकल चालवलेला

मी 1976 मध्ये आखलेल्या ट्रान्सअमेरिका या अमेरिकेच्या आरपार जाणाऱ्या सायकल मार्गानं पश्चिमेला गेलो. कॅन्ससमध्ये वारा दक्षिणेचा, म्हणजे दिवसभर डावीकडून आडवा. समोरचा वारा दमवतो, आडवा वारा पाडतो. तोल राखायला सायकल डावीकडे कललेली असते. मागून ट्रक येऊन शेजारून जायला लागला की वारा एकदम अडतो आणि त्याच क्षणी सायकल ट्रककडे ओढली जाते. ट्रक पुढे गेला की वाऱ्याचा फटका पुन्हा बसतो आणि तुम्ही खडीत. पहिल्या दिवशी दोनदा खडीत गेलो. नंतर आरसा लावला. ट्रक दिसला की हँडल खालून धरायचं, कोपर सैल सोडायचे आणि शोल्डरच्या, म्हणजे रस्त्याकडेच्या पट्टीच्या, उजव्या कडेला सरकायचं. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंची पॅनिअर्स (सामानाच्या पिशव्या) उतरवून सामान मागे घेतल्यावर हँडल बरंच हलकं झालं.

त्या गावांमधली माणसं मात्र विसरता येणार नाहीत. कितीतरी गावांत सार्वजनिक बागेत तंबू टाकू देतात.

धागाकर्ता

मनापासून आभार. तंबूचं कसं केलंत? आणि सकाळी किती वाजता निघायचात?

सास्काटूनहून

भाऊ, पहाटे. साडेतीनला उठायचं, चारला चाकं फिरायला हवीत. जूनमध्ये इकडे पाचच्या आधी उजाडतं. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा जड होऊन बसते आणि वरचा वारा खाली पोचत नाही. ऊन तापलं की हवा ढवळली जाते आणि नऊ-दहापर्यंत वारं सुटतं. आमचं निम्मं अंतर न्याहारीच्या आधी कापून झालेलं असायचं.

तंबूसाठी शेतांच्या कडेनं लावलेल्या झाडांच्या रांगा बघा. कॅरागाना नावाचं काटेरी झुडूप असतं, पिवळी फुलं येतात. धूप थांबवायला शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लावलेले हे आडोसे. घरी जाऊन विचारा, सहसा कोणी नाही म्हणत नाही. वाऱ्याकडची बाजू आधी खुंट्यांनी ठोकायची, दार उलट्या बाजूला. आमचा एक खांब मोडला तो ही चूक केल्यामुळेच.

साताऱ्याहून

मी जाण्याआधी चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली सराव केला होता. पायांना उपयोग झाला. पण इथे वळण आलं की वारा बदलतो, तिथे चार दिवस एकच दिशा.

एक चांगला दिवसही सांगतो. वाटेतल्या मेडिसिन हॅट गावाहून निघालो आणि वारा पाठीवर आला. थोड्या वेळानं कानातला आवाजच बंद झाला. आम्ही वाऱ्याच्याच वेगानं चाललो होतो. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा साखळीची कुरकुर ऐकू आली. कडेचं गवत आमच्याच दिशेनं लवलेलं, आणि शेतातल्या पक्ष्यांचे आवाज अगदी स्पष्ट. संध्याकाळी स्विफ्ट करंट, 220 किलोमीटर. वाटेत एकदाच मित्राची टोपी पडली. ती आणायला तो जेमतेम दोनशे मीटर मागे वळला, दहा-वीस पेडलं मारली आणि उतरून सायकल हातात धरून चालत गेला.