दोर, गाठी आणि मृणालिनी मुखर्जी

कुणीतरी विचारलंय की दोराला गाठी मारून केलेल्या वस्तूला शिल्प का म्हणायचं, ती तर हस्तकला झाली, शिवाय ती टिकणार किती? मला ही विभागणीच पटत नाही. शिल्पकार मृणालिनी मुखर्जींचं (१९४९–२०१५) काम बघा. जन्म मुंबईचा, शिक्षण बडोद्याला. तिथे के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे शिक्षक होते, ज्यांना लोककला आणि 'मोठी' कला यांच्यातली भिंत मुळात मान्यच नव्हती.

सत्तरच्या दशकापासून मुखर्जी सणाचे (हेम्प या वनस्पतीच्या तंतूंचे) दोर रंगवून हाताने गाठत गेल्या. माग नाही, आधी काढलेलं रेखाचित्र नाही. आत धातूचा सांगाडा असे, पण बाहेरचा आकार गाठीमागून गाठ घेत ठरायचा. 'यक्षी' (१९८४) किंवा 'वनश्री' (१९९४) समोर उभं राहिलं की देवता, झाड आणि देह यांतलं नक्की काय बघतोय हे सांगता येत नाही. दोर स्वतःच्या वजनाने लोंबतो, घड्या पडतात आणि त्या घड्यांचाच पदर किंवा पाकळी होते. दगडात हे कोरून दाखवावं लागलं असतं, इथे साहित्यच अर्धं काम करतं! (म्हणून सोपं आहे असं कुणी समजू नये. एकेका शिल्पाला महिनोन्‌महिने लागत.)

टिकाऊपणाचा मुद्दा मात्र रास्त आहे. धूळ, ओल, उजेड या सगळ्यांचा तंतूंना त्रास होतो. पुढे त्या सिरॅमिक आणि मग ब्राँझकडे वळल्या, पण ब्राँझमध्येही पानं-फुलंच उगवत राहिली. मला स्वतःला दोरातलं कामच जास्त आवडतं.