किम व्हानकी: पन्नाशीत न्यूयॉर्क कशाला गाठलं?

मधुरा_नाशिक:
माझी लेक बीटीएस या कोरियन पॉप गटाची भक्त. त्यांच्यातला आरएम चित्रांचा शौकीन. त्याच्यामुळे तिला युन ह्योंग-गुन हा चित्रकार सापडला आणि युनमुळे त्याचे सासरे, चित्रकार किम व्हानकी. आता बाईसाहेब बारावीनंतर फाइन आर्टला जायचं म्हणतात आणि मला रोज मोबाइलवर व्हानकींच्या चित्रांतले निळे ठिपके दाखवतात. मी थोडं वाचलं. हे गृहस्थ सोलच्या होंगिक विद्यापीठात कलाविभागाचे प्रमुख, देशात मोठं नाव. आणि 1963 मध्ये सगळं सोडून न्यूयॉर्कला गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हा वय 50! का गेले? आणि तिथे बस्तान बसलं का? जाणकारांनी सांगा, लेकीशी बोलताना चार मुद्दे हाताशी हवेत.

सांगलीकर_खवचट:
ठिपकेच ना? आमच्या आजीने दारात जन्मभर काढले. कुणी दमडी दिली नाही.

गेरू:
सांगलीकर, रांगोळीत ठिपका रेषेसाठी असतो. रेषा आली की त्याचं काम संपलं. व्हानकीकडे रेषा येतच नाही, ठिपक्यावरच थांबायचं. तेवढा फरक लक्षात ठेवा, मग खुशाल खवचटपणा करा.

मधुराताई, आमची हयात शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

1963 मध्ये व्हानकी ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनाला कोरियातर्फे गेला. तिथे त्याला सन्माननीय उल्लेख मिळाला, पण मोठं बक्षीस अमेरिकेच्या अ‍ॅडॉल्फ गॉटलिबला. गॉटलिबचे ते प्रचंड कॅनव्हास त्याने पाहिले आणि तिथून घरी न जाता थेट न्यूयॉर्क गाठलं. माझ्या मते कारण साधं आहे: सोलमध्ये त्याच्या चित्राला 'हे चुकलं' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. विभागप्रमुखाला कोण बोलणार? तोवर त्याची चित्रं म्हणजे डोंगर, चंद्र, क्रौंच पक्षी आणि पांढऱ्या चिनीमातीचे गोल रांजण. देखणी, लोकांना आवडणारी. असे जुने रांजण तो वेड्यासारखे जमवायचा. तो जन्मला 1913 साली, कोरियाच्या नैऋत्य टोकाच्या एका बेटावर, शिकला तोक्योत, 1956 ते 59 पॅरिसमध्ये राहिला. म्हणजे परदेश त्याला नवा नव्हता. शून्यावर येणं नवं होतं.

बस्तान? बाजाराच्या हिशोबाने म्हणाल तर नाही. रॉकफेलरांच्या निधीतून मदत मिळाली, प्रदर्शनं झाली, पण न्यूयॉर्कने डोक्यावर घेतलं असं काही घडलं नाही. त्या काळात त्याने वर्तमानपत्राच्या कागदावरसुद्धा तैलरंगात कामं केली. कागद तेल पितो आणि खालची छपाई मधूनमधून डोकावते. ती छोटी कामं मला फार आवडतात, त्यांच्याविषयी कुणी बोलत नाही.

आता ठिपका. लेकीला हे जरूर सांगा. कॅनव्हासला आपण पांढरा लेप देतो, म्हणजे रंग वर राहतो. व्हानकी सुती कापडाला नुसती सरसाची खळ द्यायचा आणि कापड आडवं ठेवायचा. तैलरंग टर्पेंटाइनने शाईसारखा पातळ. ठिपका टेकवला की रंग धाग्यांत शिरतो, कडेला फिकट वलय उमटतं. मग त्या ठिपक्याभोवती चौकट, तिच्याबाहेर आणखी एक, मग शेजारचा ठिपका. त्यांच्याकडच्या हानजी कागदावर शाई जशी फुटते तसा हा परिणाम, पण तैलरंगात. हे मी मांजरपाटावर करून पाहिलं आहे. कुंचला क्षणभर जास्त रेंगाळला की ठिपक्याचा डाग होतो आणि खोडता येत नाही. व्हानकीचे कॅनव्हास दोन-अडीच मीटरचे, आणि अशा कामावर तासन्‌तास वाकून उभं राहायचं. डायरीत त्याने लिहिलं आहे की हे ठिपके देताना सोलची आठवण मनात चालू असते.

1970 मध्ये त्यातला एक कॅनव्हास त्याने कोरियातल्या हांगुक इल्बो या वर्तमानपत्राच्या कलास्पर्धेला पाठवला. नाव दिलं किम ग्वांग-सोप या कवीच्या एका कवितेच्या शेवटच्या ओळीचं: कुठे, काय होऊन आपण पुन्हा भेटणार. मिळालं पहिलं बक्षीस. ज्यांना डोंगर-चंद्रवाला व्हानकी माहीत होता ते चक्रावले असणार!

1974 ची कामं करडी-काळी आहेत. निळा जवळजवळ गेलाच. त्याच वर्षी जुलैमध्ये मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर इस्पितळात खाटेवरून पडला आणि मेंदूत रक्तस्राव होऊन गेला. वय 61.

गिरगावकर:
गेरूसर, रॉकफेलरवरून आठवलं. आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे 1964 मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कलाच होते. जन्म नागपूरचा, घराणं गोव्याचं, वाढले गिरगावात, शिकले जेजेत. तेही आकृती सोडून बसलेले, तेही अबोल. फरक एवढाच की गायतोंडे परत आले. पुढे दिल्लीत निजामुद्दीनला एका खोलीत राहून वर्षाला मोजकी चित्रं. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं ते 2014 मध्ये, माणूस जाऊन 13 वर्षं झाल्यावर.

सांगलीकर_खवचट:
बरं, रांगोळी मागे घेतो. पण किंमत सांगा की कुणीतरी. तिथेच खरी मेख असते.

गेरू:
घ्या. नोव्हेंबर 2019, क्रिस्टीज, हाँगकाँग. 1971 चं निळ्या ठिपक्यांचं दोन भागांचं चित्र, सगळं मिळून 254 बाय 254 सेंटिमीटर. सुमारे 10 कोटी हाँगकाँग डॉलर. लिलावात एवढी किंमत तोवर कोरियातल्या कुठल्याच चित्राला आली नव्हती. ते इतकी वर्षं होतं कुठे? त्याच्या एका डॉक्टर मित्राकडे.

गिरगावकर, तुलना पटली. पण एका बाबतीत व्हानकी नशीबवान, त्याला ह्यांग-आन होती. लेखिका. पहिला नवरा यी सांग, कोरियन साहित्यातलं बंडखोर नाव, लग्नानंतर वर्षभरातच तोक्योत वारला. मग 1944 मध्ये तिने तीन मुलींच्या बापाशी, म्हणजे व्हानकीशी, घरच्यांचा विरोध पत्करून लग्न केलं. नवऱ्याला पॅरिसला जायचं तर ही वर्षभर आधी जाऊन फ्रेंच शिकली, जागा बघून ठेवली. तो वारल्यावर तिने प्रतिष्ठान उभारलं आणि 1992 मध्ये सोलच्या बुआम-दोंगमध्ये त्याचं संग्रहालय उघडलं. नवऱ्याची चित्रं सांभाळणाऱ्या बायकांना आपण 'सहधर्मचारिणी' म्हणून एका ओळीत उरकतो. इथे तसं करू नका.

मधुरा_नाशिक:
मनापासून आभार! लेकीला सगळं वाचून दाखवलं. ह्यांग-आनवर तिने लगेच शोधाशोध सुरू केली. आणि सर, तिला तो मांजरपाटाचा प्रयोग करायचा आहे. सरस कुठला आणि किती दाट?

गेरू:
हार्डवेअरच्या दुकानातला सुताराचा नको, तो पिवळा पडतो. कलासाहित्याच्या दुकानात सशाच्या कातड्याचा सरस म्हणून मागा, दाणे मिळतात. रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी दुसऱ्या भांड्यातल्या गरम पाण्यात ठेवून विरघळवायचा. उकळी फुटू द्यायची नाही. कापडावर एकच पातळ हात. आणि टर्पेंटाइन खिडकी उघडी ठेवूनच, गॅसपासून लांब. स्वयंपाकघरात तर अजिबात नको, ताई.